आधी माणसे, मग रस्ते

भारत सरकारने नेमलेल्या एका तांत्रिक गटाने २०१२ साली देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरे कमी असल्याचा हिशोब मांडला. त्याच्या वर्षभर आधी झालेल्या जनगणनेत शहरांतली सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. मेक्सिकोच्या २०१० च्या जनगणनेत तर जवळपास ५० लाख घरांमध्ये कोणीच राहत नसल्याची नोंद झाली, म्हणजे साधारण दर सात घरांमागे एक. आणि त्या देशात तेव्हाही लाखो कुटुंबे स्वतःच्या घराच्या शोधात होतीच. हे आकडे मी जेव्हा जेव्हा शेजारी ठेवून वाचतो, तेव्हा टंचाई नेमकी कशाची आहे, हा प्रश्न मला पुन्हा पडतो. धान्याची टंचाई असेल तर कोठारे रिकामी दिसतात. घरांच्या टंचाईत मात्र रिकामी घरे आणि घर नसलेली माणसे एकाच शहरात, एकमेकांपासून काही मैलांवर, वर्षानुवर्षे नांदतात.

भारतीय गटाचा हिशोब थोडा उलगडून पाहिला, तर हा प्रश्न अधिकच बोचतो. त्या १ कोटी ८८ लाखांपैकी जवळपास दीड कोटी कुटुंबांना डोक्यावर छप्पर होते. त्यांची गणना टंचाईत झाली ती दाटीमुळे, म्हणजे घरातल्या विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नव्हती म्हणून. आणखी सुमारे ३३ लाख घरे जुनाट किंवा न टिकणारी होती. ज्यांना अजिबात घर नव्हते, अशी कुटुंबे सव्वापाच लाखांच्या आसपास होती. बेघरांचे दुःख लहान आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही. रस्त्यावर झोपणाऱ्यांची मोजणी अपुरी राहते, हे कोणत्याही देशातला मोजणीदार मान्य करील. परंतु ज्या समस्येचा चार पंचमांश भाग ‘आहे ते घर अपुरे आहे’ असा आहे, तिच्यावर ‘नवी घरे बांधा’ एवढाच उपाय सुचत असेल, तर समस्या मांडतानाच काहीतरी निसटले आहे, असे मला वाटते. एखाद्या कुटुंबाला वरच्या मजल्यावर एक खोली चढवण्याची परवानगी आणि थोडे कर्ज मिळाले, तरी दाटीतले एक नाव कमी होते. मात्र ‘इतकी घरे बांधली’ या रकान्यात अशी चढवलेली खोली कधीच दिसत नाही.

नागरीकरणाचा एकूण आवाका आता बहुतेकांच्या परिचयाचा आहे, तेव्हा तो थोडक्यात सांगतो. १९५० मध्ये जगातली साधारण ३० टक्के माणसे शहरांत राहत होती. २००७ च्या सुमारास हे प्रमाण निम्म्यावर गेले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत ते ६८ टक्क्यांपर्यंत जाईल. या काळात शहरांत जी सुमारे २५० कोटी माणसे वाढतील, त्यांतली जवळपास ९० टक्के आशिया आणि आफ्रिकेतली असतील. या वाढीबद्दलचा एक समज मात्र दूर व्हायला हवा. शहरे फुगतात ती केवळ खेड्यांतून येणाऱ्या लोंढ्यांमुळे, असे गृहीत धरून बहुतेक धोरणे आखली जातात. प्रत्यक्षात विकसनशील देशांमधल्या शहरी वाढीचा मोठा भाग शहरातच जन्मलेल्या मुलांचा असतो, आणि काही भाग शहराच्या हद्दीने गिळलेल्या गावांचा. शहराचे दार लावून घेण्याचे प्रयोग झाले नाहीत, असे नाही. वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेने कृष्णवर्णीयांना शहरात राहण्यासाठी पास बाळगायला लावले. चीनने १९५८ पासून हुकौ नावाच्या कौटुंबिक नोंदणीने खेड्यातल्या माणसाला खेड्याशी बांधून ठेवले. पास मोडून माणसे आलीच, आणि चीनच्या कारखान्यांना मजुरांची गरज भासली तेव्हा कोट्यवधी माणसे नोंदणी गावात आणि देह शहरात अशा स्थितीत राहू लागली. दार लावल्याने त्यांचे येणे थांबले नाही; आलेल्यांचे हक्क तेवढे कमी झाले.

युरोपातल्या औद्योगिक शहरांनीही गलिच्छ वस्त्या पाहिल्या होत्या, त्यामुळे ‘हा एक टप्पा आहे, तो आपोआप सरेल’ असे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. त्यांच्या युक्तिवादातली एक गोष्ट मला खटकते. त्या शहरांत आधी कारखाना आला आणि माणूस त्याच्या मागून आला. मजुरी तुटपुंजी असली तरी नियमित होती, आणि पुढे तिच्याच कराच्या पैशातून गटारे व नळ आले. आफ्रिकेतल्या अनेक शहरांत कारखान्याची वाट न पाहता शहर वाढले. तिथला बहुसंख्य कष्टकरी रोज कमावतो, रोज खर्च करतो, आणि त्याच्या कमाईचा कोणताही कागद नसतो. अशा माणसाला वीस वर्षांचे गृहकर्ज कोण देणार? केनियाची लोकसंख्या पाच कोटींच्या वर आहे आणि त्या संपूर्ण देशातल्या गृहकर्जाच्या खात्यांची संख्या सुमारे ३० हजार आहे. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा त्यात एखादे शून्य राहून गेले असावे, असे वाटले होते. शून्य राहिलेले नाही. विकसनशील देशांमधले बहुसंख्य लोक घर बांधतात ते बँकेला वगळूनच, आणि म्हणून ते आपल्याला सवयीच्या असलेल्या पद्धतीपेक्षा अगदी वेगळ्या क्रमाने बांधतात.

हा क्रम मला या संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. आराखड्यातल्या शहरात आधी जमिनीची मालकी ठरते, मग रस्ते आखले जातात, नळ आणि मलवाहिन्या पुरल्या जातात, मग इमारत उभी राहते आणि सगळ्यात शेवटी माणूस किल्ली घेऊन येतो. गरिबांच्या शहरात हाच प्रवास उलटा होतो. माणूस पहिल्या दिवशी येतो. मग चटया, पत्रे, फळ्या यांचा आडोसा उभा राहतो. हकालपट्टीची भीती थोडी ओसरली की विटांची भिंत येते. मग वीज, बहुधा चोरून. पुढे टँकर किंवा सार्वजनिक नळ. त्यानंतर कित्येक वर्षांनी सांडपाण्याची वाहिनी, आणि नशीब असेल तर सर्वांत शेवटी मालकीचा कागद. पेरूच्या लिमापासून कैरोपर्यंतच्या कोणत्याही अशा वस्तीचे छायाचित्र पाहावे: घरांच्या स्लॅबवर लोखंडी सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. पाहुण्याला ते अर्धवट, बेढब बांधकाम वाटते. घरमालकाच्या मनात त्या सळयांवर पुढचा मजला उभा असतो, मुलाच्या लग्नानंतरचा किंवा भाडेकरू ठेवण्यासाठीचा, आणि तो चढवायला पैसे कधी येतील एवढाच प्रश्न असतो.

लिमाच्या दक्षिणेला वाळवंटात वसलेल्या व्हिया एल साल्वादोर या वस्तीची कहाणी या क्रमाचे उत्तम उदाहरण आहे. १९७१ साली हजारो बेघर कुटुंबांनी लिमाच्या कडेची जमीन व्यापली, पोलिसांशी संघर्ष झाला, आणि तत्कालीन लष्करी सरकारने अखेर त्यांना शहराबाहेरच्या ओसाड रेतीत जागा दिली. सरकारने तिथे एकही घर बांधले नाही, पाणी दिले नाही, वीज दिली नाही. एकच गोष्ट केली, आणि ती अतिशय महत्त्वाची ठरली: जमिनीवर रेषा आखल्या. चोवीस भूखंडांचा एक गट, अशा सोळा गटांचा एक निवासी समूह, आणि प्रत्येक समूहाच्या मध्यभागी शाळा, दवाखाना, सभागृह यांसाठी मोकळी सोडलेली जागा. पहिल्या रात्री लोक वेताच्या चटयांच्या आडोशाला झोपले. पुढची सगळी वर्षे त्यांनी एकत्र येऊन शाळा बांधल्या, पाण्यासाठी मोर्चे काढले, झाडे लावली. १९८३ मध्ये या वस्तीला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला, १९८७ मध्ये स्पेनचा आस्तुरियास पुरस्कार मिळाला, आणि आज तिथे सुमारे चार लाख माणसे राहतात. ही कहाणी मी रम्य करून सांगू इच्छित नाही. पाण्याविना वाळवंटात मुले वाढवणे म्हणजे काय, ते त्या आयांनाच ठाऊक. आणि स्वतःच्या हाताने शहर बांधण्याची सक्ती श्रीमंतांवर कोणी करत नाही. तरीही मोकळ्या सोडलेल्या त्या जागा आणि रुंद ठेवलेले ते रस्ते, यांच्यामुळे पुढे नळ टाकताना एकही घर पाडावे लागले नसेल, हा विचार मनातून जात नाही. रेषा आखायला सरकारला फारसा खर्चही आला नव्हता.

पेरूमध्ये १९५७ ते १९६५ या काळात काम केलेले ब्रिटिश वास्तुविशारद जॉन टर्नर यांनी अशा वस्त्या पाहूनच आपली भूमिका घडवली. घराची किंमत ते कसे दिसते यावर ठरत नाही, ते राहणाऱ्याच्या आयुष्यासाठी काय करते यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. कामाच्या ठिकाणाजवळची पत्र्याची खोली एखाद्या तरुण मजुराला दूरच्या पक्क्या घरापेक्षा अधिक उपयोगी असू शकते, कारण त्याचा पैसा आणि वेळ वाचतो. टर्नर यांच्यावर टीकाही झाली. राज्यसंस्थेला जबाबदारीतून मोकळे करण्याची सबब त्यांच्या विचारांनी पुरवली, असे म्हटले गेले, आणि त्या टीकेत तथ्य आहे. पण अंतराबद्दलचे त्यांचे निरीक्षण त्यानंतरच्या प्रत्येक दशकाने खरे ठरवले.

मेक्सिकोतली ती रिकामी घरे हे त्याचे सर्वांत महागडे उदाहरण म्हणावे लागेल. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे कामगारांच्या गृहनिधीतून कर्जे सढळ हाताने वाटली गेली. विकासकांनी सर्वांत स्वस्त जमीन शोधली, ती अर्थातच शहरापासून सर्वांत दूर होती, आणि तिथे एकसारख्या छोट्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. कागदावर सगळे जिंकले: सरकारने घरांचा आकडा जाहीर केला, विकासकाने नफा मिळवला, कामगाराला घर मिळाले. मग कामगाराने रोज कामावर जायला लागणारे तास आणि प्रवासभाडे यांचा हिशोब केला. शाळा, बाजार, दवाखाना यांचा पत्ता नव्हता. अनेकांनी घराला कुलूप लावले आणि शहरात परत येऊन भाड्याची खोली घेतली. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला. अंगोलाची राजधानी लुआंडाच्या बाहेर चिनी कंपनीने बांधलेल्या किलांबा या नव्या शहराचे २०११ मध्ये उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्यातच सुमारे २० हजार सदनिका होत्या, आणि त्यांच्या किमती एक लाख वीस हजार डॉलरपासून पुढे होत्या. रिकाम्या इमारतींची छायाचित्रे जगभर फिरली. २०१३ मध्ये किमती उतरवून सवलतीच्या कर्जाची सोय केल्यावर किलांबा भरले, हेही सांगितले पाहिजे; मात्र भरले ते मध्यमवर्गाने. लुआंडाच्या मुसेकी नावाच्या गरीब वस्त्या होत्या तिथेच राहिल्या.

अहमदाबादमधल्या एका अभ्यासाचा मला इथे विशेष उल्लेख करावासा वाटतो, कारण त्यात गृहयोजनेच्या यशाची मोजणी वेगळ्या टोकाने केली आहे. १९८७ मध्ये कष्टकरी स्त्रियांसाठी शहराबाहेरच्या घरांची सोडत काढण्यात आली होती. ज्यांना घर लागले आणि ज्यांना लागले नाही, अशा दोन्ही गटांचा चौदा वर्षांनंतर संशोधकांनी मागोवा घेतला. घर लागलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश कुटुंबे तिथे राहायला गेलीच नाहीत, आणि आणखी साधारण तेवढीच काही काळ राहून परत आली. जी टिकली, त्यांची मिळकत किंवा मुलांची प्रगती घर न लागलेल्यांपेक्षा सरस झाली नव्हती. उलट अडीअडचणीला उभी राहणारी ओळखीची माणसे मात्र दुरावली होती. घर फुकटात किंवा स्वस्तात मिळूनही लोक सोडून जातात, तेव्हा ‘यांना झोपडीतच राहायचे असते’ असे म्हणण्याची फार जुनी सवय आहे. मला ती सवय आळशीपणाची वाटते. ज्या स्त्रीच्या हाताला काम मिळते ते चार गल्ल्यांतल्या ओळखीवर, जिचे मूल शेजारीण सांभाळते आणि जिला महिनाअखेरीस उसने पैसे त्याच गल्लीत मिळतात, तिच्यासाठी घराच्या चार भिंती हा व्यवहाराचा एक लहानसा भाग असतो.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे हेतूबद्दल शंका घेता येत नाही. १९९६ च्या राज्यघटनेच्या कलम २६ ने पुरेशा निवाऱ्याचा हक्क मान्य केला, आणि १९९४ पासून सरकारने तीस लाखांहून अधिक घरे बांधून दिली. एवढे मोठे काम जगात फार थोड्या लोकशाही देशांनी केले असेल. तरीही १९९४ मध्ये सुमारे १५ लाख असलेली टंचाई पुढच्या दोन दशकांत २० लाखांच्या वर गेली. घरे बांधली गेली ती बहुतांशी स्वस्त जमिनीवर, म्हणजे ज्या दूरच्या कडेला वर्णभेदी राजवटीने काळ्या माणसांना ढकलले होते तिथेच. आयरीन ग्रूटबूम या स्त्रीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात घटनात्मक न्यायालयाने २००० साली सरकारला फटकारले, आणि निवाऱ्याच्या हक्कावरचा तो निकाल जगभरच्या कायदा महाविद्यालयांत शिकवला जाऊ लागला. ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तेव्हा त्या एका झोपडीतच राहत होत्या.

या सगळ्या चर्चेत एक माणूस सतत अदृश्य राहतो, तो म्हणजे भाडेकरू. झोपडपट्टी म्हटले की जमीन बळकावून बसलेला झोपडीवाला डोळ्यांसमोर येतो. नैरोबीच्या अनौपचारिक वस्त्यांमध्ये मात्र दहांपैकी सुमारे नऊ कुटुंबे भाड्याने राहतात. त्यांतल्याच किबेरा या वस्तीमध्ये जमीन प्रामुख्याने सरकारी, खोल्या बांधणारे मालक बहुधा दुसरीकडे राहणारे, आणि मातीच्या भिंतीच्या, पत्र्याच्या छताच्या एका खोलीचे भाडे दरमहा वसूल करणारा मधला माणूस तिसराच. गुंतवलेला पैसा काही वर्षांतच सुटत असल्यामुळे हा धंदा किफायतशीर आहे, आणि खोली सुधारण्यात मालकाला काडीचाही रस नाही. किबेराची लोकसंख्या हाही एक बोधप्रद विषय आहे. कित्येक वर्षे तिथे दहा लाख माणसे राहतात, असे सर्रास लिहिले जात होते. २००९ च्या जनगणनेत ती १ लाख ७० हजार भरली. जनगणनेत काही माणसे सुटली असतील, हे धरले तरी दोन्ही आकड्यांमधली दरी केवळ चुकीने भरून निघत नाही. मदत मागणाऱ्या संस्थांना, येणाऱ्या पाहुण्यांना आणि पत्रकारांना, सर्वांनाच मोठा आकडा सोयीचा होता. मोठ्या आकड्यापुढे माणूस हतबल होतो. पावणेदोन लाख माणसांसाठी काय करता येईल, याचा विचार निदान सुरू तरी करता येतो.

भाडेकरूचा विसर पडला की चांगल्या हेतूचे धोरणही भलतीकडे वळते. झोपडीवाल्याला मालकीचा कागद दिला की तो घर तारण ठेवून कर्ज काढील आणि व्यवसाय उभारील, हा विचार पेरूचे अर्थतज्ज्ञ हेर्नांदो दे सोतो यांनी जगभर नेला. पेरूमध्ये १९९६ नंतर दहा लाखांहून अधिक कागद वाटले गेले. हकालपट्टीची भीती गेली, घराची राखण करायला कोणीतरी मागे थांबण्याची गरज कमी झाली, घरावर लोक अधिक खर्च करू लागले. हे लाभ खरे होते. खासगी बँकांची कर्जे मात्र अपेक्षेप्रमाणे वाढली नाहीत, कारण बँक कागदाइतकीच मिळकत पाहते. आणि ज्या वस्तीत बहुसंख्य भाडेकरू आहेत, तिथे कागद मिळाल्यावर भाडे वाढते. किबेरात उद्या मालकी हक्क वाटायचे ठरले, तर ते कोणाला द्यायचे: खोली बांधणाऱ्याला, की त्या खोलीत पंधरा वर्षे राहिलेल्या कुटुंबाला? या प्रश्नाचे सोपे उत्तर मला कुठेही वाचायला मिळालेले नाही.

लोक बेकायदा का बांधतात, याचे एक कारण कायद्यातच दडलेले असते. टांझानियात अनेक वर्षे निवासी भूखंडाचे किमान क्षेत्र ४०० चौरस मीटर ठरवलेले होते. एवढी जमीन विकत घेऊ शकणारा माणूस गरीब नसतो. म्हणजे नियमाने गरिबाला अधिकृत घर मिळण्याची शक्यता आधीच खोडून टाकली होती. नायजेरियाच्या १९७८ च्या जमीनविषयक कायद्याने प्रत्येक राज्यातली जमीन राज्यपालाच्या स्वाधीन केली आणि हस्तांतरासाठी त्याची संमती आवश्यक केली. संमतीच्या मार्गातला वेळ आणि खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे. आणि मग याच कायद्यांच्या आधारे बुलडोझर येतो. लागोसच्या मारोको वस्तीतून जुलै १९९० मध्ये सुमारे तीन लाख माणसे काही दिवसांत हाकलली गेली. नंतर त्या किनाऱ्यावर उच्चभ्रूंची वस्ती झाली. २००५ मध्ये झिम्बाब्वेच्या सरकारने ‘केरकचरा साफ करण्याच्या’ मोहिमेत सुमारे सात लाख माणसांची घरे किंवा रोजगार किंवा दोन्ही हिरावून घेतले, असे संयुक्त राष्ट्रांच्या दूताने नोंदवले. त्या माणसांना दुसरीकडे जायला जागा नव्हती, म्हणजे टंचाई होती तशीच राहिली. तिच्यात पाडलेल्या घरांची भर पडली.

उपाय झालेच नाहीत, असे नाही. जे टिकले ते बहुतेक वेळा दिसायला साधे होते. जकार्तात १९६९ पासून कामपुंग, म्हणजे तिथल्या दाट गरीब वस्त्या, यांच्या सुधारणा कार्यक्रमात घरांना हातही न लावता पायवाटा, नाले आणि नळ दिले गेले, आणि त्यानंतर लोकांनी घरे स्वतःच सुधारली. कराचीच्या ओरंगी भागात अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने एका गल्लीतल्या वीस-चाळीस घरांना एकत्र करून गल्लीची मलवाहिनी त्यांच्याच खर्चाने आणि देखरेखीखाली घालून घेतली. मोठी वाहिनी आणि शुद्धीकरण एवढे सरकारकडे ठेवले. सिंधमधल्याच हैदराबादेत १९८६ साली राबवलेली ‘खुदा की बस्ती’ मला तर सगळ्यांत चतुर योजना वाटते. तिथे ८० चौरस यार्डांचा भूखंड मिळे, म्हणजे टांझानियाच्या किमान भूखंडाचा जेमतेम सहावा भाग. पण तो मिळवायला कुटुंबाने सामानसुमानासह येऊन आधी तात्पुरत्या तळावर राहून दाखवावे लागे. ज्याला दुसरीकडे घर आहे तो असे कशाला राहील? सट्टेबाज अशा रीतीने गाळले गेले. सुरुवातीला फक्त पाण्याची सोय होती. रस्ता, वीज, मलवाहिनी हे रहिवाशांचे हप्ते जमतील तसतसे आले. सरकारने इथे गरिबांचा उलटा क्रम मान्य केला आणि त्याला जागा करून दिली.

चिलीच्या इकिके शहरात आलेहांद्रो आरावेना यांच्या चमूने २००४ मध्ये पूर्ण केलेला किंता मोन्रॉय प्रकल्प याच विचाराचा सुबक अवतार आहे. प्रत्येक कुटुंबामागे साडेसात हजार डॉलरचे अनुदान होते आणि त्यातच जमीन, सोयी, बांधकाम सगळे बसवायचे होते. चमूने शहराच्या मध्यभागातली महाग जमीन सोडली नाही; त्याऐवजी घर अर्धेच बांधले, पण ते अवघड अर्धे: पाया, जिना, मोरी, स्वयंपाकघर, भक्कम भिंती. उरलेले अर्धे ९३ कुटुंबांनी आपापल्या सोयीने भरले. अर्धे घर देऊन पूर्ण घराचे श्रेय घेतले जाते, असा आक्षेप यावर घेतात. मला तो पूर्णपणे नाकारता येत नाही. परंतु शहराच्या मध्यावरचे अर्धे घर आणि तीस मैलांवरचे पूर्ण घर यांतून निवड करायची असेल, तर ती करण्याचा अधिकार त्या कुटुंबाचा आहे, आणि संधी मिळाली तेव्हा बहुतेकांनी मध्यावरचेच निवडले आहे.

कोणीतरी सिंगापूरचे नाव घेतल्याशिवाय अशी चर्चा संपत नाही. तिथल्या गृहनिर्माण मंडळाची स्थापना १९६० ची. पुढच्या वर्षी बुकित हो स्वी वस्तीला लागलेल्या आगीत सुमारे सोळा हजार माणसे बेघर झाली आणि मंडळाच्या कामाला वेग आला. आज जवळपास ८० टक्के रहिवासी सार्वजनिक घरांत राहतात. या यशाच्या मुळाशी १९६६ चा भूसंपादन कायदा होता. त्याने सरकारला बाजारभावापेक्षा खूप कमी मोबदल्यात जमीन घेण्याची मुभा दिली. शिवाय सक्तीच्या बचतीचा निधी होता, कारखान्यांत काम होते, आणि शहराभोवती लोंढे पाठवणारा ग्रामीण मुलूख नव्हता. या चारपैकी एकही गोष्ट हाती नसताना केवळ उंच इमारतींचा नमुना उचलणाऱ्या देशांनी काय मिळवले, ते वर आलेच आहे.

म्हणूनच अलीकडच्या काळातला मला सर्वांत आशादायक वाटलेला प्रयत्न घरांविषयी नाहीच. शहरविस्ताराचे अभ्यासक श्लोमो एंजल गेली अनेक वर्षे एक अगदी साधी गोष्ट सांगत आहेत: वाढत्या शहराच्या भोवती, शेतीच्या भावाने जमीन मिळत असतानाच, साधारण एकेक किलोमीटर अंतरावर तीस मीटर रुंदीच्या मुख्य रस्त्यांच्या पट्ट्या राखून ठेवा. रस्ता आज बांधू नका, नळ आज टाकू नका. फक्त त्या पट्टीवर घर उभे राहू देऊ नका. माणसे येणारच आहेत, तेव्हा ती या जाळ्याच्या आत येतील आणि पुढे बस, पाणी, मलवाहिनी यांना वाट मिळेल. इथिओपियातल्या अदामा, बाहिर दार, हवासा, मेकेले या चार शहरांनी आणि कोलंबियातल्या मोंतेरिया व बायेदुपार यांनी असे आराखडे हाती घेतले. व्हिया एल साल्वादोरच्या रेतीत ज्या रेषा लष्करी सरकारने नाइलाजाने आखल्या, त्याच इथे वेळेआधी आखायच्या आहेत. अडचण जमिनीची किंवा तंत्राची फारशी नाही. पट्टी राखण्यासाठी शेतकऱ्याला आज मोबदला द्यावा लागतो, अतिक्रमण होऊ नये म्हणून दरवर्षी लक्ष ठेवावे लागते, आणि पहिली बस तिथून धावेपर्यंत वीस वर्षेही लागू शकतात. कोलंबियात महापौराची मुदत चार वर्षांची असते आणि त्याला लगेचच्या निवडणुकीत पुन्हा उभे राहता येत नाही.